अर्धी न केलेली जाळी

केतकीने मला ईमेलवर विचारलं होतं, "सर, जाळी अर्धी करून पाहिलीत ना?" मी लिहिलं, "हो." पाहिली नव्हती.

हे मला पुण्याहून दुबईला जाणाऱ्या विमानात आठवलं. तिच्या व्याख्यानाची पानं छापून घेतली होती, ती चाळत होतो. सातव्या पानावर लिहिलं होतं, 'जाळी अर्धी केल्यावरही निष्कर्ष तोच राहतो.' त्याखाली एक मोठी रिकामी चौकट आणि चौकटीत बारीक अक्षरात, 'चित्र सर आणतायत.' सर त्या वेळी उपम्याच्या डब्याचं झाकण सोलत होते.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. आता निवृत्त आहे, पण विभागातला कोपऱ्यातला संगणक मला अजून वापरू देतात, कारण तो दुसऱ्या कुणाला नको आहे. त्याच्यावर मी सूर्य चालवतो. सगळा नाही, एक तुकडा. सूर्यावर चुंबकीय रेषा सतत ओढल्या-ताणल्या जात असतात. उलट दिशांच्या दोन रेषा एकमेकींवर दाबल्या गेल्या की त्या तुटतात आणि भलत्याच रेषेला जोडल्या जातात. याला आम्ही चुंबकीय पुनर्जोडणी म्हणतो. रेषा ताणताना साठलेली ऊर्जा या वेळी सुटते. काहीने वायू तापतो, काहीने तो फवाऱ्यासारखा उडतो. किती ऊर्जेची उष्णता होते, यावर जगभर लोक डोकं खाजवत बसलेले आहेत. मी त्यांतलाच, फक्त मागच्या रांगेतला.

संगणकात हा सूर्याचा तुकडा आलेखाच्या कागदासारखा चौकोनांत कापावा लागतो. ती आमची जाळी. आता दोन उलट रेषा एकाच चौकोनात आल्या तर संगणकाला त्या वेगळ्या दिसतच नाहीत. तो दोघींची वजाबाकी करून मोकळा होतो. ऊर्जा गेली. माझा प्रोग्रॅम एकूण बेरीज चुकू देत नाही, म्हणून गेलेली ऊर्जा तो निमूटपणे उष्णतेत घालतो. म्हणजे वायू खरोखर तापला की चौकोन मोठे होते म्हणून तापल्यासारखा दिसला, हे कळायला एकच उपाय. चौकोन अर्धे करायचे आणि सगळं पुन्हा चालवायचं. उष्णता तेवढीच आली तर ती सूर्याची. कमी झाली तर ती आपल्या जाळीची. आमच्यात हे जेवणाआधी हात धुण्याइतकं साधं समजतात.

पण चौकोन अर्धे केले की वेळ आठपट लागतो. आणि दुसऱ्या एका कामासाठी मी ते एकदा केलं होतं. 'हो' लिहिताना बहुधा तेच डोळ्यांसमोर होतं. बहुधा.

केतकी माझी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी. जन्मली वाढली दुबईत, शिकायला पुण्यात आली, परत गेली. गेली दोन वर्षं ती अल कुसैसमधल्या एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवत होती आणि पीएचडीसाठी अर्ज करत होती. दोन ठिकाणांहून नकार आला होता. आता शारजातल्या एका विद्यापीठात सौर प्लाझ्मावर कार्यशाळा होती आणि तिथे डॉ. नादिया येणार होत्या. मूळच्या कैरोच्या, आता युरोपात. त्यांच्याकडे एकच जागा होती. केतकीच्या अर्जाला त्यांनी एका ओळीचं उत्तर पाठवलं होतं: व्याख्यान ऐकते, मग ठरवते.

व्याख्यान सोमवारी होतं. मी उतरलो तेव्हा गुरुवारची दुपार होती.

अल कुसैस

विमानतळावर केतकीचे आईवडील दोघंही आले होते. श्रीरंगराव आणि मेधाताई. मेधाताईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "सर, खसखस नाही ना आणली?"

खसखस तिथे आणणं गुन्हा आहे. हे त्यांनी मला फोनवर तीनदा सांगितलं होतं. मी इतका धसका घेतला होता की पुणे विमानतळावर, सामान द्यायच्या रांगेत, बायकोने दिलेला राजगिऱ्याच्या लाडवांचा आख्खा डबा कचराकुंडीत टाकला. राजगिरा बारीक असतो. पोलिसाला काय कळणार?

"अहो, राजगिरा चालतो!" मेधाताई कळवळल्या. "इथे लुलूत... मोठ्या दुकानांत पाकिटं मिळतात त्याची. घरचे लाडू टाकलेत?"

"जाऊ दे गं," श्रीरंगराव म्हणाले. "सर सावध माणूस आहेत."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

अल कुसैस म्हणजे दुबईचं शारजाला टेकलेलं टोक. पोस्टकार्डावरची दुबई इथून गाडीने अर्ध्या तासावर, आणि इथल्या माणसांना तिकडे जायला वर्षात एकदा वेळ मिळतो, तोही पाहुणे आले तर. खाली सलून, केरळी हॉटेल, कपडे धुवायचं दुकान, किराणा. किराणावाल्याला फोन केला की तो एक लिंबूसुद्धा पाचव्या मजल्यावर पाठवतो. आमच्याकडे सोसायटीत असं लिंबू मागवलं तर वॉचमन चार दिवस बघत राहील.

घरात जेवायला पिठलं आणि खुबूस होतं. खुबूस म्हणजे तिथली पावासारखी जाड रोटी, भट्टीतून गरम आणतात. पिठल्याबरोबर ती इतकी जमते की मी चार खाल्ल्या. श्रीरंगराव म्हणाले, "दिरहमला पाकीट. म्हणजे चोवीस रुपये धरा." तिथला मराठी माणूस तीस वर्षं झाली तरी असं धरतोच. मेधाताईंनी थालीपिठावर लोण्याऐवजी लबनेह घातलं होतं. हे अरबांचं घट्ट आंबट चक्क्यासारखं प्रकरण. "लोणी इथेही मिळतं," त्या म्हणाल्या, "पण आता हेच बरं वाटतं."

केतकी क्लासवरून संध्याकाळी आली. बॅग टाकायच्या आत म्हणाली, "सर, द फिगर?"

"आहे," मी म्हणालो. "जरा रंग नीट करायचेत."

"रंग मी करते ना. मला पाठवा."

"उद्या."

"शुअर?"

"हो," मी म्हणालो. या शब्दाशी माझं काय नातं आहे मला कळत नाही.

पाहुण्यांच्या खोलीत दार लावून मी लॅपटॉप उघडला, प्रोग्रॅम काढला, चौकोन अर्धे केले आणि सुरू केला. पंखा असा घोंघावू लागला की बाहेरून मेधाताईंनी विचारलं, "सर, हेअर ड्रायर हवाय का? आमच्याकडे आहे." माझ्या डोक्यावर गेली दहा वर्षं वाळवण्यासारखं काही नाही. मी "नको नको" म्हणालो. दहा मिनिटांनी प्रोग्रॅमने अंदाज दिला: काम पूर्ण व्हायला एकोणीस दिवस.

रास अल खैमा

शुक्रवारी श्रीरंगरावांनी मला त्यांच्या कारखान्यावर नेलं. ते रास अल खैमाला एका टाइल्सच्या कारखान्यात भट्टीचे मुख्य आहेत. आठवडाभर तिथेच कंपनीच्या खोलीवर राहतात, गुरुवारी घरी येतात. या शुक्रवारी एक भट्टी तपासायची होती, म्हणून त्यांना जावं लागत होतं. मी बरोबर निघालो, कारण घरी केतकी होती.

तास-सव्वा तासाचा सरळ रस्ता. डावीकडे वाळू, उजवीकडे वाळू, मध्ये एखादा उंट, जो बैलासारखाच विचारात पडलेला दिसतो. मग एकाएकी डोंगर सुरू होतात. आमच्या डोंगरांवर निदान उन्हाळ्यातही वाळकं गवत असतं. हे डोंगर हाडापर्यंत उघडे. मी तसं म्हणालो. श्रीरंगराव म्हणाले, "पहिल्यांदा मलाही बघवत नसे. आता साताऱ्याला गेलो की डोंगर लपून बसल्यासारखे वाटतात."

फाटकावर सुरक्षा रक्षकाने माझ्या चपलांकडे पाहिलं. आत चप्पल चालत नाही. मला लोखंडी टोकाचे बूट दिले, दोन नंबर मोठे. पुढचे दोन तास मी भट्टीच्या कडेने फटाक फटाक चालत होतो आणि प्रत्येक कामगार वळून पाहत होता.

भट्टी म्हणजे मला वाटलं होतं एखादी खोली. ती शंभर मीटरांहून लांब बोगद्यासारखी होती. एका टोकाने कच्च्या टाइल्स रुळांवरून आत जातात, दुसऱ्या टोकाने भाजून, थंड होऊन बाहेर पडतात. मधल्या भागाजवळ उभं राहिलं की चेहऱ्यावरची कातडी आवळते. श्रीरंगराव मात्र तिथे दुपारच्या झोपेतून उठल्यासारखे निवांत.

त्यांच्या केबिनमध्ये भिंतीवर एक मोठा तक्ता होता. गॅस जाळून जेवढी उष्णता मिळाली, ती कुठे गेली: टाइल्सना किती, धुराड्यातून किती, भिंतींतून किती, थंड करणाऱ्या हवेत किती. एक तरुण इंजिनियर, बांगलादेशचा, नवा तक्ता घेऊन उभा होता. श्रीरंगरावांनी तो पाहिला आणि चष्मा काढला.

"ये दीवार का आंकडा कहाँ से आया?"

"सर, बाकी सब मापा. जो बचा, वो दीवार में लिखा."

"जो बचा?"

"जी सर. टोटल बराबर आ रहा है."

"टोटल तो आएगाच ना भाई, तूने ही मिलाया है," श्रीरंगराव शांतपणे म्हणाले. "दीवार को हाथ लगाया? जाके नापो. यल्ला, चलो."

तो गेला. मी खुर्चीत बसलो होतो आणि त्या मोठ्या बुटांत माझे पाय घामाने चिंब झाले होते. माझ्या प्रोग्रॅममधली उष्णतेची ओळ मला तोंडपाठ आहे. एकूण ऊर्जेतून हालचालीची वजा, चुंबकाची वजा. जे उरेल ते उष्णता. टोटल दरवेळी बराबर येतं. एकोणीस वर्षं येतंय.

मुलगा अर्ध्या तासाने परत आला. भिंत त्याने लिहिली त्याच्या निम्मीही गरम नव्हती. भट्टीच्या मधल्या एका झाकणाला फट होती, उष्णता तिथून बाहेर पडत होती. सगळे झाकण बसवायला धावले. मी एकटा केबिनमध्ये बसून चहा प्यायलो. करक म्हणतात तिथे, दुधात उकळून काढा केलेला वेलचीचा चहा. चांगला होता.

परतताना गाडीत मी श्रीरंगरावांना सगळं सांगितलं. वाटलं होतं ते हसतील. ते हसले नाहीत.

"म्हणजे तिने व्याख्यानाच्या छापील सारांशात जगाला जे सांगितलंय, ते तपासलेलं नाही."

"नाही."

"ती सोमवारी ते उभं राहून सांगणार."

"हो."

"आणि खोटं निघालं तर?"

"उष्णता कमी होईल. किती ते माहीत नाही."

"सर," ते म्हणाले, "मी तिला सांगणार नाही. तुम्ही सांगा. आज. जेवणाआधी." थोड्या वेळाने म्हणाले, "जेवल्यानंतर सांगा. मेधाने मासे केलेत."

जेवल्यानंतर सांगितलं. केतकी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फोन काढला, माझा ईमेल शोधला आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवला. "सर, मी दोनदा विचारलं होतं. ट्वाइस. तुम्ही 'हो' लिहिलंय. विथ अ फुल स्टॉप."

"माझं चुकलं."

"आय नो, सर. मशीन कुठे मिळेल ते सांगा."

उत्तर मेधाताईंकडे होतं. "बशीरभाईंना विचारू या का?" त्या माशाचे काटे गोळा करता करता म्हणाल्या. "आपल्या पंचविसाव्या वाढदिवसाची फिल्म केली ना त्यांनी, लग्नाच्या. तेव्हा सांगत होते, नवं मशीन घेतलंय, चार लग्नं एका वेळी काढतं."

अजमान

बशीरभाई कोझिकोडचे. अजमानमध्ये, जिथे दुबई-शारजात नोकरी करणारी निम्मी माणसं स्वस्त भाड्यासाठी राहतात, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांचा लग्नाच्या व्हिडिओंचा स्टुडिओ आहे. शनिवारी सकाळी गेलो, तर दारात एका नवऱ्याचा पूर्णाकृती फोटो. आत टेबलाखाली लहान फ्रिजएवढं काळं मशीन, आणि पडद्यावर तोच नवरा, हार घालायच्या बेतात, थबकलेला.

"साब, ये दूल्हा दो दिन से रेंडर हो रहा है, फिल्म बन रही है," बशीरभाई म्हणाले. "इसको रोकूँ तो लडकी का बाप मुझे रोक देगा. फिल्म कल शाम को चाहिए."

केतकीने त्यांना समजावलं. सूर्य, रेषा, चौकोन, डॉ. नादिया. बशीरभाईंनी सगळं ऐकलं आणि मुद्द्याचं विचारलं, "बेटी, ये तुम्हारा इंटरव्ह्यू है?"

"वैसाही समझो, अंकल."

"तो बैठो. दूल्हे को मेरे पुराने मशीन पे डालता हूँ. लेकिन कल शाम छह बजे खलास. छह बजे मुझे चाहिए."

बाकीची सकाळ प्रोग्रॅम बसवण्यात गेली. केतकी लिहीत होती, मी शेजारी बसून सूचना करत होतो, ज्या ती ऐकत नव्हती. मधेच ती थांबली. उष्णतेच्या त्या ओळीशेजारी मी स्वतःसाठी एक टीप लिहून ठेवलेली तिला सापडली होती. तिने मोठ्याने वाचली: "'हे नंतर नीट कर.' सर, नंतर म्हणजे केव्हा?"

"ते लिहिलं तेव्हा तू प्राथमिक शाळेत असशील."

"हां. मग ठीक आहे."

दुपारी एकला काम सुरू झालं. अंदाज आला: सव्वीस तास. म्हणजे रविवारी तीन. सहाच्या आत. बशीरभाई म्हणाले, "इन्शाल्ला." आमच्याकडे 'बघू' म्हणतात तेव्हा काम होणार नसतं. इन्शाल्लाचं तसं नाही. ते म्हणणारा आपली बाजू पूर्ण करतो, पुढचं वरवाल्यावर सोडतो. त्याला माझ्यासारखी माणसं भेटतात हा त्याचा दोष नाही.

रविवारी सकाळी केतकी आणि मी पुन्हा तिथे. पडद्यावर चित्र उमटायला लागलं होतं. मोठ्या चौकोनांत जिथे एक गुळगुळीत लांबट पट्टा होता, दोन उलट रेषा भेटतात तिथला, तो आता तुटून लहान लहान गोळ्यांची माळ झाला होता. गोळे सरकत होते, एकमेकांना गिळत होते. आणि उष्णता घटली होती. बऱ्यापैकी. केतकीच्या व्याख्यानाचा मुख्य निष्कर्ष होता की निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णतेत जाते. तो निष्कर्ष सूर्याचा नव्हता, जाळीचा होता, माझ्या जाळीचा.

"एवढी उष्णता नाहीच आहे," ती हळू म्हणाली. "जास्तीची आपणच दाखवली होती."

"गोळे चांगले आलेत," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती खाली गेली, आईला फोन करायला. बशीरभाई कुठल्या तरी हॉलवर गेले होते. दहाच्या सुमारास मलाही चहा हवासा वाटला. मी उठलो, दिवे बंद केले, एसी बंद केला, दार ओढलं आणि खाली उतरलो.

यात विचार नव्हता. पुण्यात खोलीतून बाहेर पडताना मी पंखा बंद करतो, दिवा बंद करतो, कधी कधी आत कुणी बसलेलं असतं तरी करतो. आईवडिलांनी लावलेली सवय. तिकडे एसी बाराही महिने, चोवीस तास चालू असतो. माणूस घरात नसला तरी. पहिल्या दिवशी मला ते उधळपट्टीचं वाटलं होतं आणि मी तसं मेधाताईंना ऐकवलंही होतं.

कोपऱ्यावरच्या टपरीत करकबरोबर पराठा घेतला. एक पाकिस्तानी टॅक्सीवाला शेजारी बसला होता, त्याच्याशी आंब्यांवर गप्पा झाल्या. त्याला मुलतानचा आंबा श्रेष्ठ वाटत होता. मी रत्नागिरीची बाजू मांडली. तासभर गेला असेल. वर आलो तर केतकी दारात उभी होती. खोलीतून वाफ यावी तशी हवा येत होती आणि मशीन शांत होतं.

"सर," ती म्हणाली, "एसी तुम्ही बंद केलात?"

मशीन तापलं होतं आणि स्वतःला वाचवायला बंद पडलं होतं. ऊर्जेची उष्णता होते आणि ती कुठे तरी जावी लागते, या विषयावर मी आयुष्य काढलंय. मी "हो" म्हणालो.

प्रोग्रॅम दर सहा तासांनी आपली अवस्था लिहून ठेवतो, इतकी अक्कल त्यात मी घातली होती. शेवटची नोंद सकाळी सातची होती. तिथून पुन्हा सुरू केलं, पण मशीन थंड होईपर्यंत बारा वाजले. मग आणखी आठ तास. म्हणजे रात्री आठ. बशीरभाईंना मशीन सहाला हवं होतं.

ते पाच वाजता आले. केतकीने त्यांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एसीच्या बटणाकडे पाहिलं आणि जुन्या मशीनवर अजून वरमाला हातातच असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"बेटी, मैं हाँ बोल दूँ. लेकिन उधर लडकी का बाप है, छह बजे से फोन करेगा. उसको क्या बोलूँ, सूरज नहीं डूबा?"

केतकी म्हणाली, "नहीं अंकल. आपने बोला था छह. छहही."

मी म्हणालो, "केतकी, फक्त दोन तास..."

"सर, प्लीज." ती म्हणाली. तिने सहा वाजता काम थांबवलं, तोवरचं सगळं पेनड्राइव्हवर घेतलं आणि बशीरभाईंच्या मशीनवरून आमच्या सगळ्या फाइल्स पुसून टाकल्या. पडदा रिकामा झाला आणि त्यावर नवऱ्याने हार घातला.

परतताना गाडीत मी तिला दोन मार्ग सुचवले. एक, सातवं पान काढून टाकायचं; कुणी विचारलं तर सांगायचं, काम चालू आहे. दुसरा, तब्येत बरी नाही म्हणून कळवायचं. ती गाडी चालवत होती. म्हणाली, "तुमचं झालं की मी रेडिओ लावते."

शारजा

विद्यापीठ मोठं, घुमटांचं, आणि पार्किंग त्याहून मोठं. सभागृहात चाळीसेक माणसं. मी दुसऱ्या रांगेत बसलो. श्रीरंगरावांनी सुट्टी घेतली होती, ते आणि मेधाताई मागे बसले होते. डॉ. नादिया पहिल्या रांगेत, पांढरे आखूड केस, समोर वही. त्या व्याख्यान ऐकताना वहीत चौकोन काढत होत्या. आधीच्या तीन मुलांच्या वेळीही चौकोनच काढत होत्या. त्यांनी काही लिहिलेलं मला दिसलं नाही.

केतकी उभी राहिली. पहिल्या पानावर तिचं आणि माझं नाव होतं. दुसऱ्या पानावर एकच वाक्य: 'सारांशात छापलेली एक ओळ खरी नाही.'

मी माझ्याकडची छापील पानं मिटली.

ती शांतपणे बोलत गेली. जाळी अर्धी केली असं आम्ही लिहिलं होतं, केली नव्हती, आता केली. मोठ्या चौकोनांचं चित्र, शेजारी लहान चौकोनांचं. उष्णता किती उतरली. ती जिथे नव्हती तिथे आम्ही कशी दाखवली. पट्टा तुटून गोळ्यांची माळ झाली, ती बऱ्याच ऊर्जेला हालचालीत ओढते. मोठ्या चौकोनांना ही माळ दिसूच शकत नव्हती. आणि उरलेली उष्णता तरी खरी का, हे सांगायला चौकोन आणखी एकदा अर्धे करावे लागतील, तोवर मी काहीच म्हणणार नाही, असं म्हणून ती थांबली. तिला वीस मिनिटं होती, ती तेराव्यातच थांबली.

डॉ. नादियांनी पेन ठेवलं. "बारीक जाळीचं चित्र मध्येच का संपतं?"

"दोन तास कमी पडले."

"का?"

"मशीन तापून बंद पडलं. एसी बंद झाला होता."

"वीज गेली?"

मी खुर्चीत जरा खाली सरकलो. "नाही," केतकी म्हणाली. "खोलीतून बाहेर पडताना बंद केला गेला."

"कुणी?"

सगळं सभागृह तिच्याकडे पाहत होतं. तिने माझं नाव घेतलं नाही. पण मागच्या रांगेत मेधाताईंना हसू आवरलं नाही, आणि मी वळून त्यांच्याकडे पाहिलं, आणि चाळीस माणसांना उत्तर मिळालं.

चहाच्या वेळी डॉ. नादिया केतकीला खिडकीपाशी घेऊन गेल्या. आम्ही तिघं खजुराच्या बशीशी उभे. श्रीरंगराव भट्टीसमोर उभे असतात तसे उभे होते, पण खजुराच्या बिया खिशात घालत होते. मेधाताई पुटपुटत होत्या, "हात बघा तिचे. मागे बांधलेत. म्हणजे त्या नाही म्हणतायत." मग केतकीचे हात सुटले. ती आमच्याकडे आली, पण तिला बोलता येईना. तिने फक्त "सप्टेंबर" म्हटलं आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. श्रीरंगरावांनी खिशातून रुमाल काढला, त्याबरोबर सगळ्या बिया शारजाच्या चकचकीत फरशीवर सांडल्या.

मला वाटलं, आता माझंही काही कर्तव्य आहे. मी डॉ. नादियांपाशी गेलो, ओळख करून दिली आणि म्हणालो, की केतकीसारखी विद्यार्थिनी मी तीस वर्षांत पाहिली नाही, आणि प्रवेशासाठी लागेल ते शिफारसपत्र मी आज रात्रीच लिहून पाठवतो.

त्यांनी कप बशीत ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"ते दुसऱ्या कुणाकडून तरी घ्यायला सांगा तिला," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिची स्तुती केलीत, तर मला तीसुद्धा तपासून बघावी लागेल."